हवामानाची संहिता आणि सिम्युलेटरचे आकाश

संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उड्डाणाची आखणी करावयाची म्हणजे प्रथम एक संहिता वाचावयाची. विमानतळावरील हवामानाचा ‘मेटार’ नावाचा सांकेतिक वृत्तान्त ही ती संहिता होय. अंधेरी-सांताक्रूझ येथील मुंबई विमानतळाविषयी, वेळेचा गट वगळता, तीत असा मजकूर येऊ शकतो : ‘व्हीएबीबी २४०२०केटी १५०० +आरए’. अर्थात स्थळ मुंबई, वारा २४० अंशांकडून, वेग २० नॉट, दृश्यता १५०० मीटर, पाऊस जोराचा. या वाक्यात क्रियापद नाही, विभक्तिप्रत्यय नाही. पदांचा क्रम हेच त्याचे व्याकरण. वारा जेथून येतो ती त्याची दिशा मानण्याचा संकेत मात्र आपल्या ‘नैर्ऋत्य मोसमी वारे’ या प्रयोगातही आहे.

आखणी या पदांवरूनच ठरते. घाटकोपरवरून येऊन ज्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरावयाचे, तिची दिशा सुमारे २७० अंश. वाऱ्याशी तिचा कोन ३० अंशांचा होतो. म्हणून आडवा वारा १० नॉट. १ जुलै २०१९ रोजी मुसळधार पावसात जयपूरहून आलेले विमान या धावपट्टीच्या टोकापुढे गेले व ती काही दिवस बंद राहिली. अशा वेळी ३२ क्रमांकाच्या धावपट्टीशी तोच वारा ८० अंशांचा कोन करील आणि जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे १९.७ नॉट, आडवा होईल. संहिता तीच, निष्कर्ष निराळा.

प्रत्यक्षात आकाश आधी व संहिता मागाहून येते. वृत्तान्तांवरून ढग व पाऊस रचणाऱ्या सिम्युलेटरात हा क्रम उलटतो. जे. एल. ऑस्टिन यांनी वर्णनपर आणि कृतिरूप उक्तींत जो भेद केला, त्याचे येथे स्मरण होते. तेथे संहिता पावसाचे वर्णन करीत नाही, पाऊस पाडते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

शिकणाऱ्याची फसगत होते ती येथेच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यास अवघा ७३. एका केंद्राच्या वृत्तान्तावरून त्याच शहरातील दुसऱ्या केंद्राचे आकाश कळले नसते. मग मुलुंड वा बोरिवलीचे कसे कळावे? सिम्युलेटर ही मधली जागा गणिताने भरून काढतो. ते अनुमान आहे, निरीक्षण नव्हे. पर्यायी विमानतळ आणि राखीव इंधन ही संहितेने न सांगितलेल्यासाठी केलेली तरतूद होय. कृत्रिम आकाशातही ती सोडू नये.