उपस्थात्याचे पद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान देऊन उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले. पैकी पहिले दोन तरी शिक्षणाने वाढतात. शासकीय सेवेत अधिपरिचारिकेपुढे परिसेविका, अधिसेविका ही पदे असतात. भिवंडीतील आमच्या लहानशा रुग्णालयात मात्र रुजू होतानाचे पद तेच अखेरचे! आमच्याकडील ए.एन.एम. परिचारिकेने तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम करून परतल्यावर वरचे पद मिळेल काय, असे विचारले. आम्ही उत्तर टाळले. पुढे तिच्या नोंदी त्रोटक झाल्या, बस्तीनंतर रुग्णाजवळ थांबणे सुटले. आम्ही त्यास आळस म्हटले. ती सोडून गेल्यावर नव्या परिचारिकेच्या नेमणूकपत्रात वेतनाखाली पुढील शिक्षण व पद यांविषयी दोन ओळी आम्ही स्वहस्ते लिहिल्या.