हतनूरचे दरवाजे आणि मोबाइलवरचं सरकार

नोव्हेंबर २०१५ मधली गोष्ट. शेगावच्या आसपास धावत्या गाडीतून एका महिला प्रवाशाने रेल्वे मंत्रालयाला ट्वीट केलं की डब्यातला एक माणूस त्रास देतोय, भीती वाटते आहे. भुसावळला तिच्या मदतीला रेल्वे पोलीस हजर झाले. सुरेश प्रभू तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि या ट्वीटचा गवगवा देशभर झाला. कौतुक ट्विटरचं झालं. मला मात्र भुसावळ विभागाचं वाटतं. ट्वीट वाचायला दिल्लीत कोणी बसलेलं होतं, त्याला कोणत्या विभागाला कळवायचं ते ठाऊक होतं आणि फलाटावर जायला माणसं होती. ही साखळी नसती, तर ते ट्वीट हवेतच राहिलं असतं.

साखळी नसली की काय होतं, हे खान्देशने तीन वर्षांनी पाहिलं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर धुमाकूळ घालत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला, कंपनीने ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का आणला आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अख्ख्या देशाच्या मोबाइलमध्ये झालेल्या या बदलामागे साक्रीचा एक पाडा आहे, हे आपल्याकडेही फारसं कोणाला आठवत नाही.

अफवा पाड्यापर्यंत पोहोचली आणि सरकारचा खुलासा पोहोचला नाही. अफवा ओळखीच्या माणसाकडून, ओळखीच्या बोलीत येते. खुलासा येतो तो प्रेसनोटच्या मराठीत, बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, ‘वाचले’ आणि ‘संदर्भ’ यांची रांग ओलांडून. ती रांग ओलांडेपर्यंत वाचणाऱ्याचा धीर सुटतो.

तरी सरकारला हे जमत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पावसाळ्यात तापीकाठी पाहा. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत, त्यांतले किती आणि किती मीटरने उघडले, विसर्ग किती, याचे निरोप सतत फिरतात. त्यांची गरजही तशीच आहे. हतनूरला येणारं पाणी बरंचसं मध्य प्रदेशातून तापीने आणि विदर्भातून पूर्णेने येतं. म्हणजे यावल-चोपड्याला स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि नदी मात्र फुगत असते. आभाळाकडे बघून अंदाज बांधणारा शेतकरी इथे फसतो. म्हणून धरणावरून नियंत्रण कक्षाला, तिथून तहसीलदाराला, मग तलाठी आणि पोलीस पाटलांच्या ग्रुपवर, आणि शेवटी गावाच्या ग्रुपवर निरोप जातो. पूर्वी कोतवाल दवंडी पिटायचा. आता पोलीस पाटील मेसेज टाकतो, आणि शहाणा असेल तर नदीकाठच्या दोन-चार घरांना फोनही करतो. पुढे शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत हाच निरोप लागतो.

या मेसेजची एकच खोड आहे. तारीख-वेळ नसलेला निरोप आठवडाभर फिरत राहतो, आणि मागच्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओ त्याच्या मागोमाग येतो. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्या, खऱ्या निरोपाकडेही दुर्लक्ष करतो.

बाकी समाजमाध्यमांवरच्या सरकारी पानांवर काय दिसतं? सत्कार, फीत कापणं, आढावा बैठक, पुन्हा सत्कार. खाली कोणीतरी विचारलेलं असतं की आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार? त्याला उत्तर नसतं. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने सरकारी संस्थांसाठी समाजमाध्यमांची मार्गदर्शिका २०१२ मध्येच काढली होती. उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची आणि ते किती वेळात द्यायचं, हे आधी ठरवा, असा तिचा आग्रह होता. सत्काराच्या फोटोंना अशा मार्गदर्शिकेची गरज पडत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठीही नियम काढले, पण त्यांचा भर काय लिहू नये यावर जास्त आहे. नागरिकाला उत्तर कसं द्यावं, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

आता दाखले आणि सेवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देण्यासाठी राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मेटा’शी करार केला आहे. सोय चांगलीच आहे. पण सातपुड्यातल्या पावरा वस्तीत किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात नेटवर्क आणि बोली, दोन्ही प्रश्न एकदम समोर येतात. तिथे लिहिलेल्या मेसेजपेक्षा आवाजातला निरोप बरा. तोही अहिराणीत, पावरीत, भिलीत. ‘धरनमातून पानी सोडेल शे, नदीकडे जावानं नही’ एवढं तलाठ्याने किंवा आशाताईने बोलून पाठवलं, तर त्याला ना परिपत्रक लागतं ना निधी. आवाज ओळखीचा असल्याने विश्वासही बसतो. जिल्हा माहिती कार्यालयांनी आकाशवाणी जळगावच्या जोडीने हे हाती घ्यावं, असं मनापासून वाटतं.

वाचकांनाही एक सांगणं आहे. सरकारी पानाखाली तक्रार जरूर लिहा, त्याने गाऱ्हाणं चारचौघांत येतं. पण कॉमेंट म्हणजे अर्ज नव्हे. तीच तक्रार ‘आपले सरकार’ पोर्टलवर नोंदवा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. पुढे पाठपुरावा करताना तो क्रमांकच विचारला जातो.