आधी तारखा लावा : ऑस्कर स्लेटर खटला आणि एक हौशी डिटेक्टिव्ह

आपल्या बडोद्यात मल्हारराव गायकवाडांच्या खटल्याचा विषय निघाला की बैठक लांबते. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप, १८७५ चा सहा जणांचा आयोग, तीन इंग्रज सदस्यांचं मत ‘दोषी’ आणि शिंदे सरकार, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला न वाटणं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, “काका, गोष्टीतल्यासारखा एखादा हौशी डिटेक्टिव्ह खरोखर कुणाला सोडवतो का हो?” सोडवतो, पण गोष्टीइतक्या लवकर नाही. त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याने दोन माणसांसाठी स्वतः तपास केला. पहिला जॉर्ज एडलजी. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी आणि इंग्लंडात पाद्री होते. जॉर्जवर जनावर जखमी केल्याचा आरोप होता. दुसरा ऑस्कर स्लेटर, आणि याच्यावर खुनाचा आरोप. स्लेटरशी डॉयलची ओळखपाळख नव्हती, शिवाय त्याच्या राहणीबद्दल डॉयलचं मत वाईटच होतं. तरीही तो या प्रकरणात उतरला, हे लक्षात ठेवा.

घटना अशी. २१ डिसेंबर १९०८, ग्लासगो. मॅरियन गिलख्रिस्ट ही ऐंशी ओलांडलेली श्रीमंत बाई घरी एकटी होती. मोलकरीण हेलन लँबी वर्तमानपत्र आणायला दहाएक मिनिटं बाहेर गेली. खालच्या मजल्यावरच्या ॲडम्स यांना वरून धपधप आवाज आला, म्हणून ते दाराशी आले. तेवढ्यात लँबी परतली. तिने दार उघडलं, तर आतून एक माणूस शांतपणे चालत बाहेर आला आणि जिना उतरून पसार झाला. बाई आत मरून पडलेली. एक हिऱ्याचा ब्रोच नाहीसा होता.

चार दिवसांत पोलिसांना कळलं की स्लेटर नावाचा जर्मन ज्यू हिऱ्याच्या ब्रोचची गहाणपावती विकायला फिरतोय. तोवर तो अमेरिकेच्या वाटेला लागला होता, तेही दुसऱ्या नावाने. झालं, संशयित मिळाला.

आता आम्हा इंजिनियर लोकांची खोड सांगतो. मशीन बंद पडलं की आधी लॉगबुक. काय, कधी, कशाच्या आधी. इथे ते केलं तर पहिल्याच ओळीत केस कोसळते. स्लेटरचा ब्रोच खुनाच्या महिनाभर आधीच गहाण पडलेला होता, आणि तो त्या बाईचा नव्हताच. पोलिसांनाही हे लवकरच कळलं. ज्या धाग्याने ते स्लेटरपर्यंत पोचले तो धागाच तुटला, पण माणूस मात्र हातात धरून ठेवला.

मग ओळख पटवणं. लँबी आणि जिला रस्त्यावर पळणाऱ्या माणसाचा धक्का लागला म्हणत होते ती चौदा वर्षांची मुलगी, दोघींना न्यूयॉर्कला नेलं. त्याआधी त्यांना स्लेटरचा फोटो दाखवलेला होता. ॲडम्स यांनी त्या दिवशी चष्मा लावलेला नव्हता. ते शेवटपर्यंत ‘तसाच दिसतो’ यापुढे गेले नाहीत. आणि स्लेटर? प्रत्यार्पणाविरुद्ध न लढता आपण होऊन परत आला. गुन्हेगार असं करतो का, हा प्रश्न ज्युरीने फारसा मनावर घेतला नाही.

मे १९०९ मध्ये एडिंबराला खटला चालला. तेव्हा स्कॉटलंडची ज्युरी पंधरा जणांची असे आणि निकाल साध्या बहुमताने होई. नऊ ‘दोषी’, पाच ‘सिद्ध नाही’, एक ‘निर्दोष’. दोघांचं मत फिरलं असतं तर माणूस सुटला असता. फाशीला दोन दिवस उरले असताना शिक्षा जन्मठेपेवर आली.

डॉयलने १९१२ मध्ये पुस्तिका काढली. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. स्लेटरच्या सामानातली हातोडी एवढ्या भयंकर जखमांसाठी फारच हलकी आहे, हे त्याने दाखवलं. दार फोडलेलं नव्हतं, म्हणजे बाईने स्वतः उघडलं असेल. कागदांची पेटी फोडून कागद विस्कटले होते, पण बरेच दागिने तिथेच राहिले. मग चोराला हवं होतं ते दागिना की कागद? तर्क चोख होता. पण सरकार हललं नाही.

१९१४ मध्ये ट्रेंच नावाच्या ग्लासगोच्याच पोलिस अधिकाऱ्याने सांगितलं की लँबीने सुरुवातीला वेगळ्याच माणसाचं नाव घेतलं होतं. चौकशी बंद दाराआड झाली. स्लेटर आतच राहिला आणि ट्रेंचची नोकरी गेली. १९१९ मध्ये ट्रेंच वारला. सत्याची किंमत कुणी मोजली, ते बघा.

१९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून डॉयलपर्यंत पोचवली. डॉयल पुन्हा कामाला लागला. १९२७ मध्ये पत्रकार विल्यम पार्कचं पुस्तक आलं, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि त्या नोव्हेंबरात स्लेटर बाहेर आला. साडेअठरा वर्षं! जुलै १९२८ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. कारण काय, तर न्यायाधीशाने ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन केलं होतं. साक्षीपुराव्याचा डोंगर बाजूला राहिला आणि दार उघडलं ते एका कायदेशीर मुद्द्याने. भरपाई ६,००० पौंड मिळाली. अपिलाच्या खर्चावरून डॉयल आणि स्लेटर यांचं वाजलं, ते वेगळंच.

खुनी कोण, हे मात्र कधीच सिद्ध झालं नाही. इथेच मला थांबायचंय.

मी नोकरीत असताना आमच्या कारखान्यातून केबलचा एक ड्रम गायब झाला. आमच्या स्टोअरकीपरवर आळ आला, कारण त्याने भंगारवाल्याला तांब्याची तार विकल्याची पावती सापडली होती. मी तारखा लावल्या. ड्रम आमच्याकडे आला त्याच्या तीन आठवडे आधीची ती पावती होती. माणूस सुटला. मी फुशारलो, आणि कुणी न विचारता एका हेल्परचं नाव बोलून गेलो. त्याने महिनाभरात नोकरी सोडली. पुढे ऑडिटमध्ये निघालं की ड्रम चोरीला गेलेलाच नव्हता, चुकीच्या चलनावर दुसऱ्या साइटला गेला होता. हेल्परचा पत्ता मी शोधला, तो मिळाला नाही.

म्हणून मंडळी, मल्हाररावांच्या खटल्यात ‘मग खरं विष कुणी घातलं?’ यावर आपण हिरिरीने नावं घेतो, तेव्हा मला तो हेल्पर आठवतो. एकावरचा आरोप टिकत नाही हे दाखवायला दुसऱ्याचं नाव लागत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने साक्षींच्या तारखांचा तक्ता करून आणावा. नावांचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.