अन्ननलिकेचा कर्करोग परतला तर

मीरा-भाईंदरहून पहाटेची लोकल पकडून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जाणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. अन्ननलिकेच्या कर्करोगावर केमोथेरपी व रेडिएशन एकत्र दिल्यावर अनेकांची गाठ विरते, घास सुखाने उतरू लागतो. मग दुकानाचा हंगाम आला की पुढची तपासणी लांबणीवर पडते. हीच दिरंगाई महागात जाते. रोग त्याच जागी परतला आणि वेळीच सापडला, तर काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो.

या शस्त्रक्रियेस ‘सॅल्व्हेज’ म्हणतात. आगीच्या विम्याचा दावा केलेल्या व्यापाऱ्यास हा शब्द परिचित असतो: जळितातून वाचलेला माल. येथे रोगग्रस्त अन्ननलिका काढून, जठराची नळी करून ती मानेपर्यंत वर आणून जोडतात. रेडिएशनमुळे आतील भाग कडक होऊन श्वासनलिकेला, महाधमनीला चिकटलेले असतात. म्हणून जोड सुटण्याचा व न्यूमोनियाचा धोका नेहमीपेक्षा अधिक.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रान्झ टोरेक यांनी छाती उघडून अन्ननलिका यशस्वीपणे काढली. ती रुग्ण स्त्री शरीराबाहेरून जोडलेल्या रबरी नळीतून अन्न घेत तेरा वर्षे जगली! आज लहान छिद्रांतून दुर्बीण घालून हेच काम करता येते. कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलानिवेलू यांनी रुग्णास पालथे निजवून केलेल्या अशा १३० शस्त्रक्रियांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध केला. २०१२ च्या युरोपीय चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांतील फुप्फुसांचा जंतुसंसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के आढळला. अर्थात त्या नियोजित, पहिल्याच शस्त्रक्रिया होत्या. परतलेल्या रोगास हे आकडे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

रोग इतरत्र पसरला असल्यास ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. म्हणून आधी पेट स्कॅन, फुप्फुसांची क्षमता व रुग्णाचे पोषण पाहिले जाते. छिद्रे किती लहान, यापेक्षा ‘अशा शस्त्रक्रिया येथे वर्षाला किती होतात?’ हा प्रश्न कुटुंबाने संकोच न करता विचारावा.

तंबाखू-मद्य वर्ज्य असलेल्या घरांतही जेवणानंतर सुपारी चालतेच. तीही कर्करोगकारक ठरली आहे.

शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे, अनेकदा खावे लागते आणि जेवून लगेच आडवे होता येत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना दुसरे पथ्य सोपे जाते. एकासणे-उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.