नालवाडीचा उन्हाळा आणि हातभर माग

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झालेली असतात, शाळांना सुट्टी असते आणि अकरानंतर पोरांना घराबाहेर सोडायची सोय नसते. त्या लांबलचक दुपारी हातभर लांबीच्या मागाशी बसवण्याइतकं चांगलं काम दुसरं नाही. हे मी वर्ध्याच्या लोकांना मुद्दाम सांगतो, कारण सुताचं शिक्षण ज्या जागी घडलं, ती जागा त्यांच्या दाराशी आहे.

नालवाडी आज वर्धा शहराला जोडून गेली आहे. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले, तेव्हा ती गावाबाहेरची दलितांची वस्ती होती. कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यात माणसाचं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतः तासन् तास कातून पाहिलं. कातणाऱ्यांच्या मजुरीचा प्रश्न त्या काळी असा अनुभवातून पुढे आला आणि १९३५ साली चरखा संघाने मजुरी वाढवण्याचं धोरण स्वीकारलं. १९३४ साली नालवाडीत ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून आलेल्या नयी तालीमच्या अभ्यासक्रमात कातणं-विणणं हा शिक्षणाचा कणा मानला गेला. मुलाने टकळीवर सूत काढायचं आणि त्याच सुतावर लांबी, वजन, हिशेब शिकायचा, अशी ती कल्पना होती. घरातला छोटा माग आजही हे सगळं शिकवतो.

माग म्हणजे फार काही लागत नाही. जुन्या फोटोची किंवा खिडकीची लाकडी चौकट घ्या. समोरासमोरच्या दोन बाजूंना अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खिळे ठोका. वरच्या खिळ्याला वळसा, खालच्या खिळ्याला वळसा, असा एकच दोरा नेत गेलं की ताणा तयार. एक आड एक दोऱ्याखालून पट्टी सरकवून ती उभी केली की मधून बाण्याचा दोरा जायला वाट होते. परतीच्या फेरीला उरलेले दोरे उचलायचे. बाणा प्रत्येक वेळी साध्या कंगव्याने खाली ठोकून बसवायचा. तो ओढून घेऊ नका, किंचित कमान ठेवून टाका. नाही तर कापड मधोमध आत खेचलं जातं, आणि नवशिक्याचं पहिलं कापड हमखास तसंच होतं.

पहिलं काम माठावरच्या झाकणाचं करावं, पंचवीस सेंटीमीटर चौरस. हिशेब मुलांकडूनच करवून घ्या. खादीच्या जुन्या मापात एक गुंडी ६४० तारांची, एक तार ४ फुटांची, म्हणजे एका गुंडीत साधारण ७८० मीटर सूत. १० नंबरचं सूत असेल तर त्याचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. आठ पदर एकत्र पिळले की सत्त्याण्णव मीटर जाड दोरा मिळतो. झाकणाला ताणा-बाणा मिळून साठेक मीटर लागतो. म्हणजे एका गुंडीत एक झाकण, आणि थोडा दोरा शिल्लक. आता उलटं मोजा. सरकीसह वेचलेल्या कापसात रुई जेमतेम तिसरा हिस्सा असते, तेव्हा त्या गुंडीला सव्वाशे-दीडशे ग्रॅम कापूस गेला. तेवढा कापूस एका वेचणाऱ्या बाईने उन्हात किती बोंडांतून काढला असेल, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. सूत पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून माप दहा टक्के मोठं धरावं.

विदर्भाच्या उन्हाळ्यात खरी अडचण वेगळीच आहे. कापसाचा तंतू ओला झाला की बळकट होतो, कोरडा पडला की ठिसूळ होतो. वैशाखातल्या कोरड्या हवेत ताण्याचे दोरे पटापट तुटतात आणि मूल वैतागून माग बाजूला सारतं. सूतगिरण्यांत पाणी फवारून हवा दमट ठेवतात ती याच कारणाने. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायच्या मागाचाही हा एक फायदा, कारण जमिनीलगतची ओल ताण्याला मिळते. घरी तुम्हाला खड्डा खणायची गरज नाही. कूलर लावलेली खोली विणकामाला उत्तम. विणायच्या आधी सूत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि कूलर बंद असेल तेव्हा सकाळी नवाच्या आत बसा. ताण्याला पातळ पेज चोळून वाळवली तर दोरा आणखी टिकतो.

दुसरं काम आसनाचं. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून त्याच बाण्याला वापरायच्या, ताणा मात्र पक्क्या, दुहेरी दोऱ्याचा. हे भराभर वाढतं, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना धीर येतो. तिसरं काम पट्टीचं. ताण्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं आपल्या कमरेला. मागे झुकलं की ताण बसतो, पुढे आलं की सैल होतो. ईशान्य भारतातल्या बायका कमरेच्या मागावर अशाच पद्धतीने सुरेख कापड विणतात. आपल्याला पाण्याच्या बाटलीचा पट्टा विणता आला तरी खूप.

रंग हवा असेल तर सूत आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा, मग तुरटीच्या. त्यानंतर डाळिंबाच्या सालीचा पिवळा चांगला धरतो. हिरड्याच्या सुताला गंजक्या लोखंडाचं पाणी दिलं की ते काळपट करडं होतं. हळद मोहात पाडते, पण उन्हात उडते, म्हणून तिच्या नादी लागू नका.

बाजारात मुलांसाठी विणकामाचे तयार संच मिळतात. त्यातल्या बहुतेकांत ॲक्रिलिकचा दोरा असतो. तो दिसायला छान, पण पाणी शोषत नाही, त्यामुळे माठावर किंवा घाम पुसायला कुचकामी. कापसाच्या जिल्ह्यात राहून पोरांच्या हातात तो द्यावा, हे मला पटत नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ सालापासून ग्रामोद्योगांची साधनं दाखवत आलं आहे. मुलांना तिथे एकदा न्या, चरखे आणि माग जवळून पाहू द्या. खादी भांडारात हातसुताची गुंडी मिळते का ते विचारा. मिळाली तर ती बाण्याला वापरा, ताण्याला सुरुवातीला गिरणीचं पिळदार सुती सूत घ्या. मृग लागला की गावात सगळ्यांची धांदल उडते आणि मुलांच्या शाळाही उघडतात, तेव्हा चौकटीला खिळे याच आठवड्यात ठोका.