हात कधी चालतात, डोकं कधी चालतं?

मित्रांनो, एक गंमत सांगतो. गंमत आज वाटते. त्या दिवशी मात्र मी चांगलाच रडलो होतो.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. दिवाळीला प्रत्येकाच्या दारात घरी केलेला आकाशकंदील लागायचा. वसुबारसेच्या संध्याकाळी घरमालकीण काकू सगळे कंदील बघायच्या आणि सगळ्यांत चांगल्या कंदिलाला बक्षीस द्यायच्या. बक्षीस काय, तर एक कंपासपेटी! त्या वर्षी दादानं आपल्या साठवलेल्या पैशांतून मला पतंगाचे कागद आणून दिले होते. लाल, पांढरे आणि फिकट पिवळे. “यंदा कंपासपेटी आपलीच!” असं तो वाड्यात सगळ्यांना सांगूनही आला होता.

मी मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. शेवटी वसुबारसेच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर कामट्या घेऊन बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली माझं कापणं-चिकटवणं चाललेलं. डोळे मिटायला लागले. कात्री बोटाला लागली. खळ ओली असतानाच घाईनं कागद ताणला, तो टर्रकन फाटला. तरी साडेबारापर्यंत कंदील कसाबसा उभा केला, खाली एक पिवळी, एक पांढरी अशा झिरमिळ्या लावल्या आणि झोपलो.

सकाळी कंदील अंगणात नेला आणि बघतच राहिलो. एकाआड एक कुठलं? तीन पिवळ्या, एक पांढरी, दोन पिवळ्या, चार पांढऱ्या! कामट्याही एका बाजूला कललेल्या. दादा काहीच बोलला नाही. तेच मला जास्त लागलं.

आजीनं कंदील उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “हात वाईट नाही रे तुझा. वेळ वाईट निवडलीस.”

मला वाटलं, आजी समजूत घालतेय. पण आजीचं म्हणणं अगदी खरं होतं. कोणत्या वेळी कोणतं काम चांगलं होतं, यामागे चक्क शास्त्र आहे!

पोटातलं नव्हे, डोक्यातलं घड्याळ

भूक लागली की आपण म्हणतो, पोटात घड्याळ आहे. खरं मोठं घड्याळ आहे ते डोक्यात.

गोष्ट आहे १७२९ सालची. फ्रान्समध्ये द मेराँ नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. दिवसा पानं उघडणारी आणि रात्री मिटणारी लाजाळूसारखी एक वनस्पती त्यांनी अंधारात ठेवली. सूर्य दिसत नाही म्हटल्यावर पानं मिटून बसायला हवीत ना? तसं झालं नाही. अंधारातही ती पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ कळायला त्या झाडाला सूर्य बघावा लागत नव्हता.

असंच घड्याळ माणसांतही असतं. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते आपली वेळ रोज जुळवून घेतात आणि सगळ्या शरीराला सांगतात, आता जागं व्हा, आता झोपा. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं याचा शोध लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा शोध त्यांनी लावला तो फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांचा अभ्यास करून!

या घड्याळाप्रमाणे आपल्या अंगाची ऊबही दिवसभरात थोडी कमी-जास्त होते. पहाटे ती सगळ्यांत कमी असते, मग वाढत जाते आणि संध्याकाळच्या सुमारास सगळ्यांत जास्त होते. साधारणपणे ऊब वाढते तसे आपले हातही चपळ होतात. झोपेतून उठल्याउठल्या पंधरा-वीस मिनिटं डोकं जरा जडच असतं. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान पुन्हा एकदा पेंग येते. आपण म्हणतो, जेवण जड झालं. पण जेवण न करताही ही सुस्ती येऊ शकते बरं का!

शिवाय सगळ्यांची घड्याळं सारखी नसतात. काही जण कोंबड्याबरोबर उठून टवटवीत असतात, तर काहींना संध्याकाळी हुरूप येतो. साधारण बारा-तेरा वर्षांनंतर तर हे घड्याळ एक-दोन तासांनी पुढं सरकतं. म्हणून आठवी-नववीतल्या ताईला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी हाका मारून आईचा घसा बसतो. तो सगळा आळस नसतो.

मग नेमकी चांगली वेळ कोणती?

खरं सांगू? सगळ्या कामाला मिळून एकच चांगली वेळ नाही. कारण ‘हस्तकला’ हे एक काम नाहीच मुळी! त्यात चार वेगवेगळी कामं लपलेली असतात. कंदिलाचंच बघा ना.

पहिलं काम, सुचणं. कंदील कसा करायचा? चांदणी, विमान की कमळ? इथं गंमत अशी, की यासाठी डोकं अगदी तल्लख असायलाच हवं असं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या मारिके विथ आणि रोझ झॅक्स या दोघींनी एक प्रयोग केला. त्यांनी विद्यार्थ्यांना काही कोडी घातली. ज्यांचं उत्तर एकदम ‘अरेच्चा!’ म्हणत सुचतं, अशी कोडी विद्यार्थ्यांना आपल्या नेहमीच्या चांगल्या वेळेपेक्षा एरवीच्या, जराशा ढिल्या वेळी अधिक सुटली. पायरीपायरीनं सोडवायच्या कोड्यांत मात्र असा ठाम फरक दिसला नाही. त्या दोघींचं म्हणणं असं, की मन फार एकाग्र नसतं तेव्हा ते इकडंतिकडं भटकतं आणि भटकता भटकता भलतीच वाट सापडते. म्हणून आंघोळ करताना किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर काही सुचलं, तर ते सोडू नका. उशाशी एक वही-पेन्सिल ठेवा आणि दोन रेघोट्यांत उतरवून ठेवा.

दुसरं काम, मापणं आणि कापणं. इथं मात्र भटकणारं मन नको. कामट्यांची लांबी सारखी हवी, घडी सरळ हवी, कात्री रेषेवरून जायला हवी. हे काम तुमच्या सगळ्यांत ताज्या वेळी करा. डोळ्यांवर झोप असताना कात्री-ब्लेडला हात लावू नका. माझ्या बोटावरची खूण अजून आहे!

तिसरं काम, रंग निवडणं आणि रंगवणं. याला दिवसाचा उजेड हवा. तुमची आई साडी घेताना ती दुकानाच्या दाराशी नेऊन का पाहते? कारण दिव्याखाली रंग फसवतात. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल-पिवळा भाग जास्त आणि निळा अगदी थोडा असतो. त्यामुळं पांढरा कागदही पिवळसर दिसतो आणि फिकट पिवळ्याशेजारी ओळखू येत नाही. माझ्या झिरमिळ्यांचा घोटाळा झाला तो असा! आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत. पण त्यांतही कुणाचा उजेड पिवळसर, कुणाचा निळसर. दिवसा खिडकीशी बसणं केव्हाही बरं. उजव्या हातानं काम करत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट बसावं.

उजेड कसा बदलतो याचं वेड एका मोठ्या चित्रकाराला होतं. फ्रान्सचे क्लोद मोने. रूआँ गावातल्या एकाच चर्चची त्यांनी १८९२ ते १८९४ या काळात तीसहून अधिक चित्रं काढली. समोरच्या इमारतीत बसून ते एकाच दिवशी अनेक चित्रांवर काम करत. उजेड बदलला की एक चित्र बाजूला ठेवायचं, दुसरं घ्यायचं! तोच दगड सकाळी निळसर, दुपारी सोनेरी आणि संध्याकाळी करडा.

चौथं काम तर आपल्याला करायचंच नसतं. ते म्हणजे वाळणं! मैद्याची खळ, डिंक, कागदाचा लगदा, शाडूची माती, प्रत्येकाला आपापला वेळ लागतो. लगद्याचा मुखवटा वाळायला दोन-तीन दिवस सहज जातात आणि पावसाळी हवेत त्याहून जास्त. शाडूची वस्तू घाईनं कडक उन्हात ठेवली, तर वरचा भाग आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. तेव्हा चिकटवायचं काम संध्याकाळी संपवा आणि वाळायचं काम रात्रीवर सोपवा. तुम्ही झोपा, खळ आपलं काम करील!

तुमची वेळ तुम्हीच शोधा

हे झालं सर्वसाधारण. पण तुमचं स्वतःचं घड्याळ कसं आहे? चला, नऊ दिवसांचा एक प्रयोग करू.

तीन वेळा ठरवा. एक, सकाळी उठल्यावर तासाभरानं. दुसरी, शाळेतून येऊन खाणं-खेळणं झाल्यावर. तिसरी, रात्री जेवणानंतर, पण झोपेच्या निदान तासभर आधी. दुपारची शाळा असेल तर मधली वेळ आपल्या सोयीनं घ्या. रोज यांपैकी एकाच वेळी दहा मिनिटं बसा.

पहिली पाच मिनिटं हातांची. कागदावर चकलीसारखी गोल गोल रेष काढा आणि कात्रीनं त्या रेषेवरून कापत जा. कात्री किती वेळा रेषेबाहेर गेली ते मोजा. चकली रोज सारखीच हवी, म्हणून एक नमुना करून तोच गिरवा.

पुढची पाच मिनिटं डोक्याची. कागदावर एकाच आकाराच्या दहा आकृत्या काढा आणि प्रत्येकीचं वेगळं चित्र करा. आज वर्तुळं असतील तर सूर्य, चेंडू, घड्याळ... उद्या त्रिकोण, परवा चौकोन. आकार रोज बदला, नाहीतर कालचंच आठवून काढाल! किती चित्रं झाली आणि त्यांतली कुठली अगदी नवी, ते लिहा.

एक काळजी घ्या. पहिले तीन दिवस सकाळ, पुढचे तीन दिवस संध्याकाळ, असं करू नका. सरावानं हात सुधारतोच. मग वाटेल, शेवटची वेळच सगळ्यांत चांगली! म्हणून वेळा आलटूनपालटून घ्या: सकाळ, संध्याकाळ, रात्र, मग संध्याकाळ, रात्र, सकाळ, मग रात्र, सकाळ, संध्याकाळ. प्रत्येक वेळेचे तीन तीन दिवस होतील. वहीत तारीख, वेळ, चुका, चित्रं आणि ‘आज कसं वाटलं’ असे पाच रकाने आखा.

नवव्या दिवशी वही उघडून बघा. कदाचित तुमचे हात संध्याकाळी छान चालत असतील आणि डोकं रात्री. तुमच्या बहिणीचं नेमकं उलट असेल. आणि फारसा फरक दिसलाच नाही तर? तर तुम्ही नशीबवान. कुठलीही वेळ तुमचीच!

आई-बाबांसाठी दोन शब्द

बहुतेक घरांत हस्तकलेला मिळते ती उरलेली वेळ. शाळा झाली, शिकवणी झाली, गृहपाठ झाला, मोबाईल झाला. मग रात्री साडेनऊला आठवतं, उद्या प्रकल्प द्यायचा आहे! मग मूल रडवेलं, आई कात्री हातात घेऊन बसलेली आणि शेवटी ‘तुला काही येत नाही’ असं वाक्य. मुलाला येत असतं. पण पेंगुळलेल्या हातांनी ते कसं दिसणार?

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. हस्तकला झोपेच्या वाट्यातून काढू नये. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास, पण मुलाच्या ताज्या वेळेतला द्या. त्या अर्ध्या तासात कुणी ‘अभ्यास कधी करणार?’ असं विचारायचं नाही.

ठरलेल्या वेळेचं बळ मोठं असतं. जपानचे प्रख्यात चित्रकार होकुसाई यांनी १८४२ च्या अखेरीपासून वर्षभर जवळजवळ रोज सकाळी सिंहाचं एक चित्र काढलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८२-८३! त्यांतली दोनशेच्यावर चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत.

आणि माझा कंदील?

पुढच्या वर्षी मी सहा दिवस आधी सुरुवात केली. आकार अंथरुणात पडल्या पडल्या सुचला, कमळाचा. कामट्या रविवारी सकाळी दादाबरोबर तासल्या. रंग अंगणात, उन्हात बसून लावले. रोज संध्याकाळी एकेक थर चिकटवायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. एकदाही जागलो नाही.

कंपासपेटी मिळाली का? नाही. ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीनं पटकावली. तिचं विमान खरंच झकास होतं. पण आमचं कमळ तुळशीच्या लग्नापर्यंत दारात टांगलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दादा थांबवून सांगायचा, “आमच्या धाकट्यानं केलाय.”

तेव्हा मित्रांनो, वही काढा, पाच रकाने आखा आणि उद्याची पहिली वेळ ठरवा. आणि आत्ता रात्रीचे दहा वाजले असतील, तर कात्री ठेवा खाली आणि झोपा बघू!