भिजलेल्या पुस्तकांचे पहिले ४८ तास

पूर ओसरला तरी ग्रंथालयाचे दार सहजी उघडत नाही. कागद पाणी पितो, पुस्तक फुगते, शेजारच्या पुस्तकाला रेटते. गच्च भरलेला रॅक फाकतो आणि कोसळतो. त्या ढिगाऱ्याने दार आतून अडवलेले असते. १८४० च्या आधीचे पुस्तक स्वतःच्या वजनाच्या सरासरी ८० टक्के पाणी शोषते, अलीकडचे ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे दहा किलोंचा गठ्ठा सोळा-अठरा किलोंचा होतो, आणि तोही निसरडा, गाळाने माखलेला. दमट, उबदार हवेत दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. हा गठ्ठा कोणी उचलायचा, कशात ठेवायचा, कुठे न्यायचा, हे पाणी चढण्याआधी ठरलेले असले तर पुस्तके हाती लागतात. दार उघडल्यावर ठरवायला बसले, तर बरीचशी हातची जातात.

ही विद्या इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये फार मोठी किंमत मोजून शिकली गेली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी शहरात शिरली. त्या दिवशी सुटी होती. राष्ट्रीय ग्रंथालय नदीकाठीच, सांता क्रोचे चर्चच्या शेजारी. त्याच्या तळघरात आणि खालच्या मजल्यावर वृत्तपत्रांचे संच आणि मालियाबेकी, पालातिना या जुन्या संग्रहांतले ग्रंथ होते. हिवाळ्यासाठी घराघरांतल्या टाक्या इंधन तेलाने भरून ठेवलेल्या. त्या फुटल्या आणि तेल चिखलात मिसळले. ग्रंथालयाचे संचालक एमानुएले कासामासिमा होते. इटलीतून आणि बाहेरच्या देशांतून तरुण मुले-मुली आपणहून आली, रांगेत उभी राहिली आणि हातोहात लाखो ग्रंथ वर काढले. ‘चिखलातले देवदूत’ हे त्यांना मिळालेले नाव इटली अजून विसरलेली नाही.

त्या मुलांबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचे लिहितो आहे. त्यांना कोणी काही शिकवलेले नव्हते, कारण एवढ्या मोठ्या कामाचे शास्त्र तेव्हा कुणाकडेच नव्हते. पाणी टिपावे म्हणून पानांत लाकडाचा भुसा भरला गेला. तो पानांना चिकटून बसला आणि पुढे काढताना हाल झाले. वाळवण्यासाठी ट्रक भरभरून ग्रंथ तंबाखूच्या भट्ट्यांकडे आणि विटांच्या कारखान्यांकडे गेले. उष्णतेने चामड्याच्या बांधण्या आक्रसल्या, गाळ पानांवर घट्ट बसला. सुटलेली वेष्टने एकीकडे आणि पाने दुसरीकडे गेली. त्यांच्या जोड्या लावण्यात पुढे वर्षे गेली. पन्नास वर्षे उलटली तरी ते काम संपले नव्हते.

नोव्हेंबरअखेर इंग्लंडहून पीटर वॉटर्स, रॉजर पॉवेल आणि टोनी केन्स हे बांधणीकार तिथे पोहोचले. वॉटर्स यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी गर्दीची फळी बांधली. रेल्वे स्थानकाच्या उष्णता केंद्रात धुणे, जंतुनाशन आणि वाळवणे यांची ओळ लागली. प्रत्येक ग्रंथासोबत एक कार्ड फिरू लागले, आणि त्यावर शब्दांऐवजी खुणा होत्या: हे धुवायचे, हे धुवायचे नाही, याची शिवण उसवायची, याच्या शाईला जपायचे. इटालियन, इंग्रज, जर्मन, कुणाच्याही हाती कार्ड पडले तरी पुढची पायरी कळत असे.

पुराने बांधणीची परीक्षाही घेतली. वॉटर्स यांच्या गटातल्या ख्रिस्तोफर क्लार्क्सन यांच्या लक्षात आले की मऊ चर्मपत्रात बांधलेली, कण्याला जवळजवळ सरस न लावलेली, फक्त शिवणीवर आणि ओवलेल्या पट्ट्यांवर तगलेली साधी पुस्तके या प्रलयातून पुष्कळ चांगल्या स्थितीत निघाली. सोनेरी ठशांच्या भारी बांधण्या मात्र उकलल्या होत्या. दुरुस्तीसाठी आज जगभर वापरली जाणारी एक बांधणी या निरीक्षणातून आली. आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांची जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी, याच कुळातली. ती करणारे हात आता कमी उरले आहेत, आणि पूररेषेत उभ्या असलेल्या ग्रंथालयांना ते हात जपायला हवेत.

फ्लोरेन्समध्ये सर्वांत मोठी उणीव होती ती वेळ थांबवून धरण्याच्या साधनाची. ते साधन म्हणजे थंडी. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयाचे ग्रंथालय बुडाले, तेव्हा पुस्तके गोठवून ठेवली गेली. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, पाने आणखी चिकटत नाहीत. विचार करायला महिने मिळतात. १९७१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेलेल्या वॉटर्स यांनी भिजलेल्या ग्रंथांच्या बचावाची छोटी पुस्तिका १९७५ मध्ये काढली. या विषयावर नंतर जे लिहिले गेले, त्याच्या मुळाशी ती आहे.

गोठवलेले पुस्तक पुढे निर्वात कोठीत जाते. हवेचा दाब फार कमी केला की बर्फ वितळत नाही. कापूर उडतो तसा तो थेट वाफ होऊन जातो. पानाला पुन्हा पाणी लागतच नाही, म्हणून ते फुगत नाही, चिकटत नाही. १९७८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मायर ग्रंथालयात सुमारे ५०,००० पुस्तके भिजली, तेव्हा ती लॉकहीड कंपनीच्या अवकाश चाचण्यांच्या निर्वात कक्षात वाळवली गेली. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला रात्रीच्या पुरात विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाचे तळघर भरले आणि साडेचार लाखांहून जास्त खंड भिजले. तिथेही आधी गोठवणे आणि मग निर्वात वाळवण, हाच मार्ग धरला गेला. यंत्र महागडे आहे, पण ते गावात असावे लागत नाही. गावात लागते ती गोठवण्याची जागा, आणि पुस्तके तिथवर धड पोहोचवणारी माणसे.

त्या माणसांना तयार करणारे प्रशिक्षण टबापासून सुरू होते. बाद केलेली पुस्तके पाण्यात बुडवून ठेवतात आणि शिकणाऱ्यांना ती काढायला लावतात. पहिला धडा हातालाच मिळतो: भिजलेले पुस्तक कण्याला धरून ओढले की कणाच हातात येतो. खालून तळव्याचा आधार द्यायचा. मिटलेले असेल तर उघडायचे नाही, उघडे असेल तर मिटायचे नाही. गाळ घासायचा नाही, तो तंतूंत शिरतो. धुवायचेच तर मिटलेले पुस्तक घट्ट धरून एकामागून एक स्वच्छ पाण्याच्या टबांतून न्यायचे. हस्तलिखित, छायाचित्र, विरघळणारी शाई यांना हे लागू नाही. आर्ट पेपरची पुस्तके ओली असतानाच गोठवायची, नाहीतर वाळून त्यांची वीट होते. क्रेटमध्ये कणा खाली ठेवून एकच थर लावायचा, क्रेट ठासायचा नाही आणि कोणत्या रॅकचा माल ते बाहेर लिहायचे. थोडीच पुस्तके असतील तर पंखे लावून, टीपकागद पुन्हा पुन्हा बदलत वाळवता येतात. उन्हात मात्र ठेवायची नाहीत. हे शेवटचे आपल्याकडे पटवून देणे सर्वांत कठीण, कारण भिजलेली वस्तू अंगणात टाकणे आपल्या हाडात मुरलेले आहे.

याहून अवघड धडा कामाच्या वाटणीचा. प्रमुखाने पुस्तकाला हात लावायचा नाही. तो उचलायला वाकला की बाकीचे आपापल्या समजुतीने कामाला लागतात. एकाने फक्त नोंद आणि फोटो घ्यायचे. दोघांनी भरायचे, चौघांनी वाहायचे. वीज तोडली आहे ना, भिंत उभी राहील ना, हातमोजे-गमबूट सगळ्यांनी घातले आहेत ना, हे पाहणारा वेगळा. आपल्याकडच्या पुरात लेप्टोची भीती असते, त्यामुळे हे पद शोभेचे नाही. चहा, जेवण आणि सक्तीची विश्रांती सांभाळणाराही लागतो: दमलेला माणूस पुस्तके फेकू लागतो.

जर्मनीतल्या कोलोन शहराचे अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या बांधकामामुळे जमिनीत कोसळले. ढिगाऱ्यातून आणि भूजलातून बहुतांश कागद पुन्हा मिळवताना शहराने जो अनुभव घेतला, त्यातून पुढे एक फिरता कंटेनर सज्ज झाला. धुण्याची टेबले, पाण्याची जोडणी, प्लास्टिक फिल्म, नोंदीची सोय, सगळे त्यातच. जुलै २०२१ च्या पुरात श्टोलबर्गच्या नगर-अभिलेखागाराच्या मदतीला तो गेला. त्या भागातली ग्रंथालये आणि अभिलेखागारे एकमेकांशी करार करून असतात आणि एकत्र सराव करतात. एकाकडे पाणी शिरले की बाकीच्यांची माणसे निघतात. रोमच्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेत भारतीय संवर्धक अपर्णा टंडन आपत्तीतल्या सांस्कृतिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण चालवतात. त्यांची २०१८ ची हस्तपुस्तिका वाचताना जाणवते की त्यातला बराच भाग गावातल्या माणसांना एकत्र कसे आणावे याबद्दल आहे.

जर्मनीत श्टोलबर्ग बुडाले त्याच महिन्यात, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडाले. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ पाठोपाठ हा दुसरा मोठा पूर झेलला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तिथल्या जुन्या नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तके पाण्याखाली गेली. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत, त्यांतली कितीतरी नदीकाठच्या बाजारपेठांत, तळमजल्यावर. पुरानंतर मराठी वाचकांनी अशा ग्रंथालयांना पुस्तके पाठवली, ती आपुलकी खरी होती. पण भेट येते ती बाजारात मिळणारी पुस्तके. गावच्या साप्ताहिकाचा संच, दोलामुद्रिते (छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तके), कुणा वकिलाने दिलेली हस्तलिखित वही पुन्हा कुणी पाठवू शकत नाही.

म्हणून यादी आधी लागते, आणि ती करताना कार्यकारिणीत वाद होणार. कादंबऱ्यांचा लोकप्रिय विभाग सोडून आधी कोपऱ्यातले कपाट उचलायचे, असे लिहून ठेवायला धीर लागतो. त्या यादीत पहिला क्रमांक दाखल नोंदवहीचा असावा असे माझे मत आहे, कारण तिच्याशिवाय काय गेले तेसुद्धा कळत नाही.

बाकीचे साहित्य आपल्याकडे आहेच. सांगली-तासगावला द्राक्षाचे क्रेट आहेत आणि बेदाण्याची शीतगृहे आहेत. तिथले तापमान शून्याच्या वर असते, त्यामुळे बुरशी फक्त मंदावते, पण काही दिवस मिळतात. रत्नागिरीकडे मासळी गोठवणारे कारखाने आहेत, उणे १८ अंशांच्या कोठ्या आहेत. मालकाशी बोलणे एप्रिलमध्ये व्हायला हवे: किती क्रेट घ्याल, मासळीपासून वेगळी जागा द्याल का, रात्री फोन कुणी उचलेल. मे महिन्यात एक दिवस ग्रंथपाल, शिपाई, गावचा बाइंडर, कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणि तहसील कचेरीतला आपत्ती व्यवस्थापनाचा माणूस यांना बोलवावे. बाद पुस्तकांची दोन पोती रात्रभर टबात भिजत टाकावीत आणि सकाळी घड्याळ लावून ती क्रेटमधून गोठवणगृहाच्या दारापर्यंत न्यावीत. कोण कुठे अडले ते त्याच संध्याकाळी लिहून काढावे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच सराव पुन्हा करावा, या वेळी वीज बंद ठेवून.